चौकटीबाहेर आई झोपली आहे

हल्लीच्या मुलांना रिकाम्या जागांचं वेड लागलं आहे. माझ्याकडे फोटोग्राफी शिकायला येतात ती सगळी विशीच्या आतबाहेरची. दर बॅचला एक तरी पोरगं मोबाइल पुढे करून दाखवतं. कुठल्यातरी हॉटेलचा लांबच लांब कॉरिडॉर, सुट्टीतली शाळा, बंद पडलेल्या मॉलमधला थांबलेला सरकता जिना, सगळ्या ट्यूबलाइटी चालू आणि माणूस औषधालाही नाही. याला ती ‘लिमिनल स्पेस’ म्हणतात. इथून तिथं जाताना मध्येच लागणारी, कोणी मुक्काम न करणारी जागा. ‘मॅडम, कसंतरीच होतं बघितल्यावर. भीती वाटते, आणि तिथं परत जावंसंही वाटतं. आपण तिथं कधी गेलेलोच नसलो तरी.’ मी मान डोलावते, प्रकाशाबद्दल दोन शब्द बोलते, फ्रेम जरा डावीकडे सरकव म्हणते. खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागच येतो. रिकाम्या खोलीला घाबरायची चैन ज्यांची घरं शांत होती त्यांनी करावी. मी घाबरले ती भरल्या घराला, आणि रिकाम्या जागांत मी जगले.

आमचं घर सौदीतल्या अल खफजीला होतं, कंपनीच्या फॅमिली कॅम्पात. पप्पा मूळचे गुहागरकडचे, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर क्रेन चालवायचे. पंधरा दिवस समुद्रात, पंधरा दिवस घरी. त्यांच्या हाताची अख्ख्या कॅम्पात ख्याती होती. उधाणात हेलकावणाऱ्या बोटीवर टनभर वजनाची पेटी हा माणूस अंडं ठेवावं तशी ठेवतो, असं त्यांच्याबरोबरचे लोक जेवायला यायचे तेव्हा सांगायचे. आई वाढता वाढता ऐकायची. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायची नाही, कारण बघितलं असतं तर आम्हा दोघींपैकी कोणाला तरी हसू फुटलं असतं. तोच हात घरात कसा चालतो ते आम्हाला ठाऊक होतं.

ते समुद्रात असत तेव्हाचं घर मला आवाजांनी आठवतं. एसीची घरघर, दुपारच्या नमाजाची बांग, आणि आईचं बारीक आवाजात स्वतःशीच चाललेलं गाणं, ज्याचे शब्द ती कधी पुरे करायची नाही. आम्ही दोघी बेकरीतली गरम खबूस रोटी चहात बुडवून खायचो आणि तेच जेवण म्हणून चालवून घ्यायचो. मग पप्पांची बोट लागायची त्या दिवशी सकाळपासून घराला ताठरपणा यायचा. हामूर माशाच्या तुकड्यांना हळद-मीठ लागायचं, गावाहून आणलेली आमसुलं भिजवून सोलकढी व्हायची, आई मला चपला रॅकमध्ये सरळ लावायला सांगायची. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली की तिचा दरवाजा फुस्स करून उघडायचा. आज पुण्यात कुठल्याही बसचा दरवाजा तसा वाजला की माझी मान आपोआप आखडते. मासा खारट झाला म्हणून ताट भिंतीवर जायचं. मासा उत्तम झाला तर तो कोणासाठी इतका मन लावून करायला शिकलीस, म्हणून. कारण शोधायला त्यांना कधी कष्ट पडले नाहीत. पट्टा, चप्पल, फोनची वायर, हाताला येईल ते. आईची पाठ मी आंघोळीनंतर तेल लावताना बघितलेली आहे, त्याबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही.

शेजारी मोहिते राहायचे, कोल्हापूरकडचे, काका इलेक्ट्रिकल सुपरवायझर. दोन घरांमधली भिंत पुठ्ठ्यासारखी. आमच्याकडे सुरू झालं की त्यांच्या टीव्हीचा आवाज वाढायचा. आणि दुसऱ्या दिवशी मोहितेकाकूंकडून डबा यायचा. साधी मारहाण असली तर कांदेपोहे, जास्त असली तर काहीतरी गोड. एकदा पुरणपोळ्या आल्या होत्या. आईनं डाव्या हातानं डबा उघडला, बघितलं आणि म्हणाली, ‘म्हणजे काल बरंच ऐकू गेलं.’ काकू वाईट नव्हत्या. परमुलखात दुसऱ्याच्या घरात तोंड घालायचं नाही हा तिथला कायदा होता आणि त्या तो पाळत होत्या. पण ते गोड माझ्या घशाखाली कधी उतरलं नाही आणि आजही पुरणपोळी समोर आली की मी पोट भरल्याचं सांगते.

कॅमेरा पप्पांनीच आणला होता, घरातल्या वस्तूंचे फोटो गावी पाठवायला. आखातातल्या सगळ्यांची ही रीत. नवा फ्रिज आला की त्याच्यासमोर उभं राहून फोटो, सोफा आला की त्याच्यावर बसून. आमच्या घरचे असे ढीगभर फोटो गुहागरला कोणाकोणाच्या कपाटात असतील. त्यांत आईची साडी नेहमी पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजवर आहे. पप्पा समुद्रात गेले की कॅमेरा माझा. पण बाहेर काढायची सोय नव्हती. रस्त्यावर मुलीनं कॅमेरा काढला असता तर कोणीतरी पोलिसालाच आणलं असतं. म्हणून मी बंद कॅम्पात जाऊ लागले.

आमच्या कॅम्पाचा अर्धा भाग ओसाड पडला होता. पूर्वी तिथं परदेशी साहेबलोक राहायचे. कंपनीचा करार संपला तसे ते एका वर्षात निघून गेले आणि त्यांचे बंगले, पोहण्याचा तलाव, मोठा रिक्रिएशन हॉल जिथल्या तिथं राहिला. तलावाच्या निळ्या फरश्यांवर खोल बाजूला वाळू साचली होती. हॉलचं मागचं दार लोटलं की उघडायचं. आत टेबल टेनिसची टेबलं, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, मधोमध पाय रुतेल असा तपकिरी गालिचा. आणि नवल म्हणजे एसी चालू. कोणी बंद करायला सांगितलं नव्हतं म्हणून कोणी बंद केला नव्हता. वर्षानुवर्षं तो हॉल कोणासाठी तरी थंड होत राहिला होता. मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा मला रडू आलं. मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारते की नेमकं काय वाटतं तुम्हाला, आणि त्यांना सांगता येत नाही. मला सांगता येतं. इथं हात उचलायला कोणी नाही, असं वाटलं होतं.

दोनचार वेळा एकटी जाऊन आल्यावर मी आईला नेलं. ती दारातच थबकली, अंगभर काळा अबाया सावरून चोरासारखी आत आली, एक खुर्ची उघडून बसली, दुसरी समोर ओढून तिच्यावर पाय टाकले, आणि मी टेबल टेनिसच्या जाळीचा फोटो काढेपर्यंत झोपली सुद्धा. तोंड उघडं टाकून, घोरत. घरी तिची झोप मांजरासारखी, पप्पा समुद्रात असतानाही पंखा करकरला तरी उठून बसणारी. इथं तिला हलवून जागं करावं लागायचं. पुढे तो आमचा नेमच झाला. दुपारी सगळा कॅम्प दारं लावून पडला की आम्ही मागच्या वाटेनं हॉलवर जायचो, ती झोपायची, मी फोटो काढायची. ‘मला नको हं घेऊस त्यात,’ ती म्हणायची, कारण चेहऱ्यावर बहुतेक वेळा काही ना काही असायचंच. म्हणून मी तिला सोडून बाकीचं सगळं घ्यायची. खिडकीतून गालिच्यावर पडलेला उन्हाचा पट्टा, बंद घड्याळ, कॉरिडॉरच्या टोकाचं हिरवं दार. आज लोक माझ्या प्रदर्शनात फोटोसमोर उभे राहतात आणि म्हणतात, कुणी नसल्याचं तुम्ही किती छान पकडता. त्या पहिल्या फोटोंपैकी प्रत्येकात, चौकटीच्या जरा बाहेर, आई झोपलेली होती.

एका मार्चमध्ये वाऱ्यानं घात केला. तिथं वाळू घेऊन वारं सुटतं तेव्हा क्रेन चालवता येत नाही. काम ठप्प झालं आणि पप्पांच्या पाळीला मध्येच किनाऱ्यावर आणून सोडलं. त्या दुपारी आई भात टाकायला म्हणून हॉलवरून लवकर निघाली होती. मी मागे राहिले. तिच्या दोन खुर्च्या तशाच समोरासमोर होत्या, खिडकीबाहेर पिवळा अंधार दाटला होता, आणि पहिल्यांदाच मी त्या खुर्च्यांसकट अख्ख्या हॉलचा फोटो घेतला. घरी आले तर पप्पा दारात. आई त्यांच्या मागे, ओढणीचं टोक मुठीत धरून. ‘वैजू मैत्रिणीकडे गेलीय’ असं तिनं माझ्याबद्दल सांगून ठेवलं होतं हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं, पण माझ्या हातात कॅमेरा होता आणि डोक्यापासून पायांपर्यंत वाळू.

त्यांनी कॅमेरा घेतला आणि दिवाणखान्यात उभ्या उभ्या एकेक फोटो बघितला. मला वाटलं, काय सापडणार? रिकाम्या खोल्या. माणूस नाही, पोशाख नाही, काही नाही. मला तेव्हा अक्कल नव्हती. त्या मुलखात सोळा वर्षांची मुलगी रिकाम्या इमारतीत जाते याचा अर्थ पुरुषांच्या डोक्यात एकच होतो.

‘कोण येतंय गो तिथं?’ त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

‘कोणी नाही पप्पा.’

‘मग या खुर्च्या?’ त्यांनी छोटी स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली. ‘दोन खुर्च्या, तोंडाला तोंड लावून. एका माणसाला दोन खुर्च्या कशाला लागतात?’

पहिला तडाखा कॅमेऱ्यानंच बसला, भुवईवर. पुढे मला फ्रिजचं हँडल आठवतं, त्यावर माझं डोकं दोनदा आपटलं ते. पट्टा काढताना ते नाव विचारत होते. नाव सांग, कुठल्या शाळेचा, मलबारी आहे की पाकिस्तानी, नाव सांग. माझ्याकडे नाव नव्हतं. असतं तर मी दिलं असतं. मी कोणाचंही नाव दिलं असतं. शेजारच्या टीव्हीचा आवाज वाढला, आणि कसलीतरी जाहिरात लागली होती ती मला पूर्ण ऐकू आली.

‘मी बसते तिथं,’ आई म्हणाली.

ते थांबले. ‘तू?’

‘एकीवर बसते, एकीवर पाय ठेवते.’

‘काय करायला?’

‘झोपायला.’

हे उत्तर त्यांना कुठल्याही पोराच्या नावापेक्षा जास्त झोंबलं. चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी माझे केस सोडले आणि आईला दंडाला धरून बेडरूमकडे ओढलं. ‘माझ्या घरात झोप येत नाही तुला? एवढा पलंग आणून दिला, गादी आणली, आणि बाईसाहेब पडीक हॉलात जाऊन झोपतायत?’ आईनं चौकट धरली. त्यांनी दरवाजा ओढला. एकदा ओढला, मग उघडला, मग पुन्हा ओढला. तिच्या मनगटाचा आवाज आला. मी किंचाळले असेन, कारण मोहित्यांचा टीव्ही एकदम बंद झाला आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, काका-काकू आमच्या दारात येऊन उभे राहिले.

लोकांसमोर पप्पांनी नेहमीचं शस्त्र काढलं. तिकडे बायकोला गप्प करायला हे एक वाक्य पुरे असायचं. बायकामुलांचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर. तो ऑफिसात गेला, एक्झिटचा कागद पुढे सारला, की बाईला कायमचा देश सोडावा लागे. गावी उतरली की चार तोंडं म्हणणार, नवऱ्यानं हाकलली. या धाकावर कितीतरी बायका संसार रेटत होत्या. आईनंही रेटला होता. ‘मोहिते, तुम्ही साक्षीला आहात,’ पप्पा म्हणाले. ‘उद्याच्या उद्या दोघींना एक्झिट मारतो. खलास. बसा म्हणावं गुहागरात शेण थापत.’

आई जमिनीवर बसली होती, मनगट पोटाशी धरून. तिनं पप्पांकडे बघितलं नाही. ‘मोहितेभावजी, ऐकलंत ना?’ ती म्हणाली. ‘हे एक्झिट मारतायत. मारू दे. उद्याच मारू दे.’

काकांनी एकदा पप्पांकडे, एकदा आईच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, ‘ऐकलं वहिनी.’ दोनच शब्द. तेवढे दोन शब्द तो माणूस बोलला म्हणून मी त्याचे सगळे टीव्ही माफ केले आहेत. कारण आता शब्द पप्पांच्या तोंडून चार माणसांत गेला होता. संध्याकाळपर्यंत कॅम्पभर झालं. मागे घेतला असता तर बायकोला भ्यायला असं झालं असतं, आणि ते त्यांना मरणाहून वाईट. त्यांनी एक्झिट मारलं. पण शेवटपर्यंत त्यांची खात्री होती की ती पाया पडेल. रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवताना म्हणायचे, ‘माफी माग, ऑफिसात फोन करतो.’ आई प्लास्टरातला हात छातीशी धरून दुसऱ्या हातानं बॅग भरत राहायची. माझा कॅमेरा त्यांनी आधीच अंगणातल्या फरशीवर बुटानं चुरडला होता. हॉलच्या त्या फोटोंपैकी आज एकही नाही. मी आयुष्यभर काढत आले ते त्यांच्या आठवणीनं काढलेले.

दम्मामच्या विमानतळापर्यंत गाडीचा रस्ता, आणि गाडी पप्पाच चालवणार. तेव्हा तिथं बाईनं गाडी चालवणं बंद होतं. आई सवयीनं पुढे बसली, मी मागे. पासपोर्ट आणि तिकिटं पप्पांच्या शर्टाच्या खिशात. दोन्ही बाजूंना वाळवंट, मध्ये मध्ये विजेचे खांब. अर्धाअधिक रस्ता गेल्यावर एक बंद पेट्रोलपंप लागला. त्यांनी गाडी आत घेतली, छपराखाली उभी केली आणि म्हणाले, ‘शेवटचं विचारतो. माफी माग, इथूनच वळवतो.’

आईनं चांगल्या हातानं सीटबेल्ट सोडला.

‘उतरा मग. दोघी उतरा. चालत जा गुहागरला.’

आम्ही उतरलो. गाडी गेली. पासपोर्ट गेले, पाण्याची बाटली गेली. गाडीचा ठिपका होईपर्यंत मी बघत होते, आणि तो दिसेनासा झाल्यावर मागे वळले. छपराखाली चार पंप, नळ्या कापून नेलेल्या. पत्रे ठोकून बंद केलेला बकाला, म्हणजे किराणा दुकान, त्याच्या पाटीवर उन्हानं पांढरा पडलेला शीतपेयाचा ग्लास. पलीकडे छोटी मशीद, दाराला साखळी. माणूस नाही, कुत्रं नाही. मी आजवर बघितलेल्या रिकाम्या जागांत ती सगळ्यात देखणी होती. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणीही माझे डोळे चौकट शोधत होते. आणि पहिल्यांदाच मला ती भीती वाटली, जी माझे विद्यार्थी सांगतात. हॉलवर जायचो तेव्हा मागे घर होतं, कितीही वाईट असलं तरी होतं. इथून मागे काही नव्हतं आणि पुढे जायचे कागद त्यांच्या खिशात होते.

आई पंपाच्या ओट्यावर बसली. ‘बस इथं सावलीत. येतील ते.’

‘नाही आले तर?’

‘मग कोणीतरी येईल पेट्रोल भरायला.’

‘आई, पंप बंद आहे.’

तिनं कापलेल्या नळ्यांकडे बघितलं आणि तिला हसू आलं. मग मलाही. आम्ही दोघी त्या उकाड्यात, ओठ फुटलेले, खुळ्यासारख्या हसत होतो. हसता हसता मला ओट्याच्या फुटक्या काँक्रीटमधून बाहेर आलेली, गंजून बारीक झालेली लोखंडी सळई दिसली. मी ती वाकवून वाकवून मोडली. हातभर लांब असेल. आईनं ते बघितलं.

गाडी परत आली तेव्हा सावली पंपापासून मशिदीकडे सरकली होती. पप्पांनी काच खाली केली. चेहरा अगदी प्रसन्न, पोराला धडा शिकवून आलेल्या मास्तरासारखा. ‘काय, आलं डोकं ठिकाणावर?’ मी खांबामागून निघाले आणि पहिला घाव बॉनेटवर घातला. दुसरा आरशावर, आरसा तुटून लोंबायला लागला. ते शिव्या देत बाहेर आले, माझी वेणी त्यांच्या हाती लागली, आणि मी तशीच वळून सळई त्यांच्या दंडावर हाणली. ते कळवळले. हात सुटला. मला तो आवाज आवडला. आता डोक्यात घालायची असं मी ठरवलं होतं, ठरवलंच होतं, आणि त्यांनाही ते दिसलं असावं, कारण ते एक पाऊल मागे सरकले. तेवढ्यात आईनं चांगल्या हातानं माझ्या मुठीतली सळई धरली.

पप्पा धापा टाकत म्हणाले, ‘बघ. बघ कशी जन्माला घातलीस ती.’

‘वैजू,’ आई म्हणाली, ‘त्यांना आता हात लावू नकोस. गाडी त्यांनाच चालवायची आहे.’

मग ती मागच्या दारानं आत शिरली, मागच्या सीटवर, नेमकी पप्पांच्या पाठीमागे बसली. सळई तिनं अबायाखाली मांडीवर घेतली आणि टोक पुढच्या सीटच्या पाठीला टेकवलं. ‘चला,’ ती म्हणाली. ‘विमान चुकेल.’

ते दंड चोळत दाराशी आले. मग बसले, आणि गाडी निघाली. त्यांची मान मला मागून दिसत होती; ती पूर्ण वाटेत एकदाही सैल पडली नाही. एका नाक्यावर पोलिसानं वाकून मागे बघितलं, काळ्या कपड्यातल्या दोन बायका दिसल्या, ‘यल्ला’, निघा, म्हणाला. आई डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली, पण सळईचं टोक हललं नाही.

विमानतळावर त्यांनी न मागता पासपोर्ट मागे दिले. मी बॅगा उतरवल्या. आई सगळ्यात शेवटी उतरली. पुढचं दार उघडून तिनं सळई आपल्या रोजच्या जागेवर नीट आडवी ठेवली, आणि वीस वर्षांत ज्या बाईनं त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं ती म्हणाली, ‘परतीचा रस्ता लांब आहे. एकटे जाताय. शेजारी असू दे.’